गोमधले योसेचे प्रॉब्लेम सोडवायचे कसे: नुकतंच शिकलेल्यांसाठी

गोचे (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी घरं घेरायचा पटावरचा खेळ) नियम कळलेत, लिबर्टी (सोंगटीला लागून असलेलं रिकामं घर) आणि आतारी (एकच लिबर्टी उरणं) समजतं, दोन डोळे असलेला ग्रुप मरत नाही हेही माहितीये, ओजीएस या ऑनलाइन सर्व्हरवर नऊ बाय नऊच्या पटावर बरेच डाव झालेत, आणि तरी शेवटाला येऊन तीन-चार पॉइंटने हरायला होतंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. ज्यांना नियमच माहीत नाहीत त्यांनी आधी थोडं खेळून या, नाहीतर खालचं सगळं डोक्यावरून जाईल.

योसे म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा. मारामाऱ्या संपल्यात, कुणाचा ग्रुप जिवंत आणि कुणाचा मेला ते ठरलंय, आता फक्त दोघांच्या हद्दी जिथे अर्धवट राहिल्यात तिथली कामं उरकायची. बघायला कंटाळवाणं वाटतं, म्हणून नवीन माणूस इथे भराभर खेळतो आणि तिथेच पॉइंट सांडतो. जपानचा इशिदा योशिओ १९७१ मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी होनिन्बो झाला आणि सलग पाच वर्षं तो किताब त्याने सोडला नाही, त्याला लोक 'कॉम्प्युटर' म्हणायचे ते त्याच्या मोजण्यामुळे. कोरियाचा ली चांगहो, ज्याने १९९२ मध्ये १६ व्या वर्षी वर्ल्ड टायटल मारलं, तो पण भन्नाट हल्ल्यांसाठी ओळखला जात नाही, शांतपणे शेवटापर्यंत जायचा आणि एक-दोन पॉइंट काढून डाव खिशात घालायचा.

आता प्रॉब्लेमकडे. त्सुमेगो, म्हणजे जगण्यामरण्याचे प्रॉब्लेम, तुम्ही केले असतील. तिथे उत्तर हो किंवा नाही असतं, ग्रुप वाचला किंवा मेला. योसेच्या प्रॉब्लेममध्ये उत्तर हा आकडा असतो, आणि दिसायला बरोबर वाटणारी चाल एका पॉइंटने चुकीची असू शकते, त्यामुळे 'ही चाल छान वाटतेय' याला इथे काही किंमत नाही, शेवटपर्यंत खेळून मोजलं तरच उत्तर.

सगळ्यात आधी प्रॉब्लेम नीट वाचा. पाळी कुणाची, पकडलेल्या सोंगट्या किती, कोमी (पांढरा दुसरा खेळतो म्हणून त्याला मिळणारे जादा पॉइंट) धरायची की नाही, मोजणी जपानी की चिनी. जपानी मोजणीत रिकामी घरं आणि पकडलेल्या सोंगट्या मोजतात, म्हणजे स्वतःच्या घरात उगाच चाल केली की एक पॉइंट गेला. चिनी मोजणीत पटावरच्या सोंगट्याही मोजतात, त्यामुळे दोघांच्या मधली रिकामी जागा, ज्याला दामे म्हणतात, तिलाही किंमत येते. कोमीही वेगळी, जपान-कोरियात साडेसहा आणि चीनमध्ये साडेसात. काही वेगळं लिहिलेलं नसेल तर जपानी मोजणी धरून चला, बहुतेक जुने प्रॉब्लेम त्याच हिशोबाने केलेत, आणि खालचं सगळं मी पण त्याच हिशोबाने सांगतोय.

दुसरं, पटावर कोण पक्कं जिवंत आहे ते एकदा बघून घ्या. योसे म्हटलं म्हणून कुणी मरणारच नाही असं काही नसतं. बाहेरच्या लिबर्टी भरत आल्या की आतापर्यंत सुरक्षित वाटणारी भिंत अचानक आतारीत येते, आणि प्रॉब्लेम बनवणारे लोक नेमकं हेच लपवून ठेवतात. एकेका डायगोनल जोडावर बोट ठेवून विचारा, इथे कापलं तर काय?

मग जिथे जिथे हद्द पूर्ण झालेली नाही त्या सगळ्या जागा शोधा आणि त्यांना नावं द्या. क, ख, ग, काहीही चालेल. नवीन लोक पहिली दिसलेली जागा पकडून तिच्यातच घुसतात आणि कोपऱ्यातली चौथी जागा त्यांना दिसतच नाही. कडेकडेने एक चक्कर मारा, पहिली आणि दुसरी ओळ पूर्ण, चारही बाजू.

आता खरं काम, वजाबाकी. प्रत्येक जागेत दोन डाव मनात खेळायचे. एकदा काळा आधी, एकदा पांढरा आधी. दोन्हीचा निकाल मोजायचा, फरक काढायचा. तो फरक म्हणजे त्या जागेची किंमत. सगळ्यात साधं उदाहरण घेऊ:

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८
● ● ● ● ○ ○ ○ ○ तिसरी ओळ
· · · ● ○ · · · दुसरी ओळ
· · · · · · · · पहिली ओळ, पटाची कड

डावीकडे काळ्याचं घर, उजवीकडे पांढऱ्याचं, फक्त पहिल्या ओळीवर हद्द ठरायची राहिलीये. काळ्याची पाळी असेल तर तो पहिल्या ओळीत ५ नंबरला खेळतो, पांढऱ्याच्या पायाखाली, याला हाने म्हणतात. पांढरा ६ ला अडवतो. आता काळ्याची ५ वरची सोंगटी आतारीत आहे, म्हणून काळा ४ ला जोडतो. झालं. आता फक्त ३ ते ६ नंबरच्या उभ्या रेघांमधली खालची दोन-दोन घरं बघा, बाकीचं दोन्ही वेळेला सारखंच राहणार आहे त्यामुळे ते मोजायचे कष्ट नकोत. काळ्याकडे ३ नंबरची दोन्ही घरं, म्हणजे २. पांढऱ्याकडे ६ नंबरचं वरचं एकच, म्हणजे १. काळा एकने पुढे.

पांढरा आधी खेळला तर हेच उलटं. तो ४ ला हाने करतो, काळा ३ ला अडवतो, पांढरा ५ ला जोडतो. काळ्याकडे १, पांढऱ्याकडे २, पांढरा एकने पुढे. एकने पुढे ते एकने मागे, फरक २. म्हणून पहिल्या ओळीवरचा हाने-जोड हा २ पॉइंटचा आणि गोते, म्हणजे खेळणाऱ्याने सुरुवात केली, शेवटची चाल पण त्यानेच केली, आणि आता पाळी समोरच्याची.

इथे एक गोष्ट सोडू नका. काळ्याने जोडल्यावर पांढऱ्याला दुसऱ्या ओळीत ६ ला जोडायची गरज का नाही? कारण काळ्याने तिथे कापलं तर वर तिसऱ्या ओळीत पांढरी सोंगटी बसलेलीच आहे, कापणाऱ्या सोंगटीला एकच लिबर्टी उरते आणि पांढरा तिला ७ ला खेळून उचलतो. पण आता ती तिसऱ्या ओळीतली ६ वरची पांढरी सोंगटी काढून टाका आणि परत बघा. आता कापलं की पहिल्या ओळीतली पांढरी सोंगटी आतारीत येते आणि वाचत नाही, म्हणून काळ्याने ४ ला जोडलं की पांढऱ्याला ६ भरावंच लागतं. काळ्याचे २, पांढऱ्याचे शून्य. पांढरा आधी खेळला तर मात्र आधीसारखंच, काळा १ आणि पांढरा २. फरक ३ झाला, आणि वर पाळी परत काळ्याकडे आली, म्हणजे काळ्याला ही जागा सेन्तेमध्ये मिळाली. एक सोंगटी असली-नसली आणि किंमतही बदलली, प्रकारही बदलला. म्हणून 'पहिल्या ओळीचा हाने म्हणजे २' हे पाठ करून काही होत नाही, प्रत्येक वेळी भिंत बघायची.

तरी काही आकडे डोक्यात असलेले बरे, अंदाजाला. दुसऱ्या ओळीवरचा साधा हाने-जोड गोतेमध्ये साधारण ६ पॉइंटचा. मंकी जंप, म्हणजे दुसऱ्या ओळीवरच्या सोंगटीवरून पहिल्या ओळीवर लांब घसरत समोरच्याच्या घरात शिरणं, हा सहसा सेन्तेमध्ये आठेक पॉइंटचा धरतात, आणि नवशिक्यांच्या डावात तर तो कुणाला दिसतच नाही, तीस-तीस चाली तसाच पडून असतो.

सेन्ते-गोतेचा हिशोब आता करूच, कारण प्रॉब्लेमचा जीव इथे आहे. एखादी जागा गोते असेल तर ती जो आधी येईल त्याची. सेन्ते असेल, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यावंच लागत असेल, तर ती ज्याची सेन्ते त्याचा हक्कच समजा, तो कधीतरी खेळणारच. पण ज्याची सेन्ते नाही त्याने आधीच तिथे खेळून तो हक्क मारला तर? त्याला उलटा सेन्ते म्हणतात. त्यात पाळी जाते पण समोरच्याचे हक्काचे पॉइंट कापले जातात. अंदाजासाठी नियम असा की उलट्या सेन्तेची किंमत दुप्पट करून गोतेशी तुलना करायची, ३ चा उलटा सेन्ते बरोबर ६ चा गोते.

आणि समोरचा उत्तर देणारच असं गृहीत धरू नका, ते पण मोजा. त्याने दुर्लक्ष केलं तर तुम्हाला पुढे किती मिळतात, आणि तेवढ्या वेळात तो दुसरीकडे किती घेतो. दुर्लक्ष करून त्याचा फायदा होत असेल तर तुमची सेन्ते ही सेन्ते नव्हतीच.

आता एक पूर्ण प्रॉब्लेम करू, चित्र न काढता नुसत्या आकड्यांवर. काळ्याची पाळी. तीन जागा उरल्यात. क मध्ये काळा आधी खेळला तर त्याला ६ मिळतात, पांढरा आधी आला तर शून्य, गोते. ग मध्ये तसंच पण ४, गोते. ख ही पांढऱ्याची सेन्ते आहे, पांढरा तिथे खेळला तर काळ्याला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर १० पॉइंटचा ग्रुप जातो, आणि काळ्याला तिथून काही मिळत नाही. काळ्याने स्वतः आधी ख खेळली तर त्याचे ३ वाचतात. काळ्याने कुठे खेळायचं?

दहापैकी आठ जण क म्हणतील, सहा सगळ्यात मोठा ना. बघू. काळा क घेतो, ६. पांढरा लगेच ख खेळतो, काळा उत्तर देतो, तिथे शून्य. पाळी परत पांढऱ्याची, तो ग खाऊन टाकतो. काळ्याचे एकूण ६.

आता काळा आधी ख खेळतो, ३. पांढरा क घेतो, काळ्याला तिथे शून्य. काळा ग घेतो, ४. एकूण ७. म्हणजे लहान दिसणारी ख बरोबर आणि मोठी दिसणारी क एका पॉइंटने चूक.

पण थांबा. ग ची किंमत ४ ऐवजी २ करा आणि परत खेळा. क पासून सुरू केलं तर ६, ख, ग दोन्ही गेले, एकूण ६. ख पासून सुरू केलं तर ३ अधिक २, एकूण ५. आता क बरोबर! ग पूर्ण काढून टाकली तर क ने ६ आणि ख ने नुसते ३, फरक अजून मोठा. दुप्पट करायच्या नियमाने क आणि ख दोन्ही वेळेला सारख्याच होत्या, निकाल लावला तो तिसऱ्याच जागेने, जिच्याकडे कुणी बघत पण नव्हतं. म्हणून मी नियम सांगतो पण त्यावर विसंबू नका म्हणतो. पट मोठा असेल आणि वीस जागा शिल्लक असतील तर नियम वापरा, दुसरा इलाज नाही. तीन-चार जागा उरल्या असतील, जे प्रॉब्लेममध्ये नेहमी असतं, तर सगळे क्रम शेवटपर्यंत खेळून एकूण मांडा. कागद घ्या, लाजू नका.

पांढऱ्याच्या बाजूनेही हेच बघा. काळा ख मारणार हे दिसत असेल तर पांढऱ्याने ती सेन्ते आधीच खेळून टाकायला हवी होती. सेन्ते जपून ठेवायचं कारण एकच, पुढे कोची लढाई, म्हणजे दोघांनी आळीपाळीने तिथलीच एकेक सोंगटी उचलत राहणं, होणार असेल तर को-थ्रेट, म्हणजे मध्येच समोरच्याला उत्तर द्यायला लावणारी चाल, म्हणून कामाला येते. कोचं चिन्ह नसेल तर घ्या आणि मोकळे व्हा.

आता थोडं बारीक. एक-एक पॉइंटच्या जागा उरल्या की कोणती मोठी? इथे बोळ उपयोगी पडतो.

● ● ● ● ○ दुसरी ओळ
● · · · ○ पहिली ओळ

काळ्याच्या घरातला तीन घरांचा बोळ, उजवं तोंड उघडं, तिथे पांढरा उभा. काळ्याने तोंडाशी अडवलं तर आत २ उरतात. पांढरा एक पाऊल आत आला तर दोन घरांचा बोळ उरतो. दोन घरांच्या बोळात काळा खेळला तर १, पांढरा खेळला तर शून्य, कारण शेवटचं घर दामे होतं, म्हणून त्याची सरासरी अर्धा. म्हणजे तीनच्या बोळात काळा आधी २, पांढरा आधी अर्धा, फरक दीड. या फरकाला दोनने भागलं की एका चालीची किंमत, पाऊण. दोनच्या बोळात फरक १, एका चालीला अर्धा. चारच्या बोळात काळा आधी ३, पांढरा आधी सव्वा, फरक पावणेदोन, एका चालीला सात अष्टमांश. बोळ जितका लांब तितकी चाल मोठी, पण कितीही लांब केला तरी एकच्या आतच राहते. म्हणून दोन बोळ समोर असतील तर आधी लांबचा बंद करा किंवा लांबच्यात शिरा.

ही एका चालीची किंमत काढायची पद्धत म्हणजे मियाई मोजणी, आणि नुसता फरक काढायची वरची पद्धत म्हणजे देइरी मोजणी. दोन वेगवेगळ्या ठिकाणी वाचून लोक गोंधळतात की इथे ६ लिहिलंय आणि तिथे ३, चुकलंय कोण? कुणीच नाही, पद्धत वेगळी. गोतेमध्ये फरक भागिले २, सेन्तेमध्ये फरक तसाच. शेवटच्या अर्ध्या पॉइंटच्या कोमध्ये फरक १, पण तो मिटायला दोघांच्या मिळून तीन चाली लागतात म्हणून एका चालीला एक तृतीयांश, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी. या बारीक कामात गणितवालेही घुसलेत बरं का, बर्कलेचे एल्विन बर्लेकॅम्प आणि त्यांच्याबरोबर डेव्हिड वुल्फ यांनी नव्वदच्या दशकात शेवटच्या एक-एक पॉइंटच्या जागांचं अचूक गणित मांडलं, त्यात असे बोळच बोळ आहेत. सुरुवातीला एवढं खोल जायची गरज नाही.

मोजणी जमायला लागली की मग तेसुजी, म्हणजे हुशारीच्या चाली. एखाद्या जागेत 'काळा आधी' खेळून बघताना पहिली सुचलेली चाल धरून मोजू नका, अजून दोन तरी करून बघा. हाने ऐवजी नुसतं डायगोनल सरकलं तर? सरळ जोडण्याऐवजी एक घर सोडून आतारी झाकली तर घरात एक पॉइंट जास्त राहतो का? आत एक सोंगटी फेकली, समोरच्याने उचलली, आणि मग त्याच्या लिबर्टी कमी पडून त्याला अजून एक चाल घरात भरावी लागली तर? योसेच्या प्रॉब्लेममध्ये सोंगटी फेकणं खूप येतं, कारण एक गमावून दोन मिळतात. अडवतानाही तेच, मंकी जंप अडवताना चुकीच्या ठिकाणी अडवलं की आणखी घरं जातात, म्हणून अडवणाऱ्याच्या पण सगळ्या चाली बघायच्या. तुमची सगळ्यात भारी चाल आणि समोरच्याचं सगळ्यात बावळट उत्तर असं धरून काढलेला आकडा फेकून द्या.

सराव कसा करायचा? पट विकत मिळाला नाही तरी अडत नाही, पुठ्ठ्यावर नऊ आडव्या नऊ उभ्या रेघा मारा, राजमा आणि काबुली चणे घ्या, बास. मुद्दाम हे सांगतोय कारण स्क्रीनवर क्लिक केलं की ॲप लगेच बरोबर-चूक सांगतं आणि माणूस मोजायच्या ऐवजी ठोकत बसतो. आधी आकडा लिहा, 'काळा ३ ने जिंकतो' असा, मग उत्तर बघा. चाल बरोबर आली पण आकडा चुकला तर प्रॉब्लेम चुकला असं धरा. रोज दोन-तीन पुरेत. आणि स्वतःच्या हरलेल्या डावातली शेवटची तीसेक चालींची पोझिशन घेऊन तीच परत मोजा, यासारखा प्रॉब्लेमसंच कुठे मिळणार नाही, कारण त्यातल्या चुका तुमच्याच सवयीच्या असतात.

बॉटला, म्हणजे गो खेळणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारायचं असेल तर एक काळजी घ्या. अल्फागोसारखे बॉट जिंकायची शक्यता बघून खेळायचे, किती पॉइंटने जिंकतोय याचं त्यांना देणंघेणं नव्हतं, पुढे असले की शेवटी बिनधास्त पॉइंट सोडून द्यायचे. मे २०१७ मध्ये चीनमधल्या वुझेनला अल्फागोने चीनचा अव्वल खेळाडू के जिए याला पहिल्या डावात अर्ध्या पॉइंटने हरवलं, ते वाचून डाव अटीतटीचा झाला असं वाटतं, पण त्या अर्ध्या पॉइंटवरून तसं काही ठरत नाही. असल्या चाली बघून योसे शिकायला गेलात तर वाट लागेल. काटागो नावाचा बॉट २०१९ पासून फुकट आहे, तो पॉइंटचाही विचार करतो आणि प्रत्येक चालीने किती पॉइंट गेले ते दाखवतो, योसे तपासायला तो बरा. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये मोजणी जपानी आहे की चिनी ते बघून घ्या, नाहीतर तुमचं बरोबर असलेलं उत्तर तो एकाने चूक दाखवेल आणि तुम्ही तासभर डोकं खाजवत बसाल.

वरच्या क-ख-ग मध्ये ग ची किंमत ३ करून दोन्ही क्रम लिहून काढा. एकूण सारखंच आलं तर तुमची वजाबाकी बरोबर चाललीये. मग त्यातच चौथी जागा घाला, २ ची गोते, आणि परत पहिल्यापासून खेळा.